आयरिश कादंबऱ्यांतलं दप्तर कायम दुसऱ्याच्याच ताब्यात का?

दप्तरदार

मंडळी, नमस्कार.

मी महसूल खात्यातून निवृत्त. नोकरीतला बराच काळ तालुक्याच्या अभिलेख कक्षात गेला. फेरफार, नकलेचे अर्ज, लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, वाळवी, असा संसार. कादंबऱ्यांची सवय अलीकडची. धाकट्या लेकीने सेबॅस्टियन बॅरी यांची 'द सीक्रेट स्क्रिप्चर' (२००८) हातात दिली आणि म्हणाली, "बाबा, यात सगळे कागदच कागद आहेत, तुम्हाला आवडेल." आवडली. पण काही गोष्टी डोक्यातून जाईनात, म्हणून हा धागा. (पुढे रहस्यभेद आहे. वाचायची असेल तर इथूनच मागे फिरा.)

थोडक्यात गोष्ट अशी. शंभरीला टेकलेली रोझॅन रॉसकॉमनच्या मनोरुग्णालयात आहे. इमारत पाडायची ठरलीय, त्यामुळे जुन्या रुग्णांपैकी खरोखर आजारी कोण आणि नुसतंच आणून टाकलेलं कोण, हे डॉ. ग्रीन यांना ठरवायचंय. रोझॅन चोरून आपली हकीकत लिहिते आणि खोलीतल्या जमिनीच्या फळीखाली लपवते. डॉक्टर आपली वेगळी वही लिहितात. तिसरा कागद म्हणजे फादर गॉन्ट नावाच्या पाद्र्याची जुनी लेखी जबानी. स्लायगोत तिचं लग्न चर्चकडून रद्द करवणारा आणि तिला समुद्राकाठच्या पत्र्याच्या झोपडीत एकटं पाडणारा माणूस हाच.

आता बघा. रोझॅन लिहिते की लहानपणी वडिलांनी मला गोल मनोऱ्याशी नेलं आणि हातोडे नि पिसं वरून टाकून दाखवली, दोन्ही बरोबर खाली पडतात का ते बघायला. गॉन्टच्या कागदात तेच हातोडे, तीच पिसं, तोच मनोरा. पण तिथे वडील ब्रिटिश अमलातल्या पोलिसात होते, आणि बंडखोर त्यांच्या तोंडात पिसं कोंबून त्यांना हातोड्यांनी मारतायत. एकाच मिळकतीचे दोन उतारे आणि दोन्हींवर वेगवेगळी नोंद.

माझ्या शंका. एक तर डॉक्टर इतका समंजस माणूस, तरी पाद्र्याच्या कागदाचं वजन त्यांच्यावर पडतंच. तो नेटका लिहिलाय आणि खाली अधिकाराची सही आहे म्हणून? दुसरं, शेवटी रोझॅन डॉक्टरांची जन्मदाती निघते. हे फारच सिनेमातलं झालं. (नंतर सिनेमा निघालाच म्हणा.) आणि तिसरी शंका, जी खरी टोचते. बॅरी मुलाखतींत सांगतात की त्यांच्या घराण्यात एक बाई होती, तिच्याबद्दल कुणी बोलत नसे, त्यातून ही कादंबरी आली. म्हणजे त्या बाईचं म्हणणं कुठेच नोंदलेलं नाही. मग एका लेखकाने 'मी' म्हणून तिच्या तोंडून तीनशे पानं लिहायची, याला आवाज देणं म्हणायचं की आणखी एकाने तिच्या वतीने अंगठा उठवणं?

आयरिश साहित्य इथे बऱ्याच जणांनी वाचलंय. तिथल्या कादंबऱ्यांत हे कुलूपबंद कागद इतके का येतात?

---

तिरकस

काका, उत्तर एका तारखेत आहे. ३० जून १९२२.

आयरिश यादवी युद्धाची सुरुवात. इंग्लंडशी झालेला तह न मानणारे एप्रिलपासून डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीत ठाण मांडून होते. त्याच आवारात सार्वजनिक अभिलेखागार. नव्या सरकारने तोफा लावल्या, आत साठवलेली स्फोटकं उडाली आणि सातशे वर्षांचे कागद खलास. जळके कागद शहरभर उडत होते. १८२१ ते १८५१ या चार जनगणना जवळपास पूर्ण गेल्या. प्रोटेस्टंट चर्चची बरीच जन्ममृत्यूची पुस्तकं, मृत्युपत्रं, न्यायालयांचे खटले, सगळं गेलं. २०२२ साली ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने बाहेरच्या नकला गोळा करून त्याचं आभासी अभिलेखागार उघडलं, पण नक्कल ती नक्कलच. हे तुम्हाला मी काय सांगणार?

आणि सगळं आगीवर ढकलू नका. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे मूळ तक्ते सरकारने आधीच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्यात गेले. म्हणजे बंडखोरांच्या आधी कारकुनांनी काम उरकलं होतं. (तुम्हाला नाही हो म्हणत.)

जे उरलं त्यावर कुलूप. १९४७ ते १९५७ या काळात सरकारने स्वातंत्र्यलढ्यातल्या लोकांच्या १,७७३ जबान्या लिहून घेतल्या आणि पेट्यांत घातल्या. उघडल्या २००३ साली! साक्षीदार तोवर देवाघरी. रॉडी डॉयल यांची 'अ स्टार कॉल्ड हेन्री' १९९९ची, म्हणजे कुलूप निघायच्या आधीची. तिचा नायक १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात होतो म्हणतो, त्या उठावातला पुढारी डी व्हॅलेरा याच्या प्रसिद्ध फोटोत आपणही होतो म्हणतो, पण छापताना कडेने कापला गेलो! थापा आहेत की खरं, वाचकाने तपासायचं कुठे? पेट्या बंद. लेखकाने त्या बंद पेटीचा झकास फायदा उठवलाय.

बॅरींपेक्षा डॉयल बरे. निदान रडवत नाहीत.

---

पश्चिमवारा

दप्तरदार काका, धागा वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. मी मूळची सांगलीकडची, गेली काही वर्षं गॉलवे परगण्यात एका वृद्धाश्रमात नर्स आहे. तिरकस यांचा मुद्दा माहितीपूर्ण आहे पण मला पटत नाही. आगीची गोष्ट इथेही सगळ्यांना आवडते, कारण आगीत कुणाचाच दोष नसतो. तुम्ही ज्या कागदांबद्दल विचारताय ते जळलेलेच नाहीत.

माझ्यापासून जवळच ट्युअम नावाचं गाव आहे. तिथे १९२५ ते १९६१ अविवाहित आया आणि त्यांची मुलं ठेवायची संस्था होती, नन चालवायच्या. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक. विद्यापीठ नाही, अनुदान नाही. त्यांनी नोंदणी कार्यालयातून तिथे मेलेल्या मुलांचे मृत्यूचे दाखले काढायला घेतले, दर दाखल्याचं शुल्क स्वतः भरून. ७९६ मुलं निघाली. मग आजूबाजूच्या दफनभूमींच्या वह्या पाहिल्या, तर दफनाची नोंद जवळजवळ कुणाचीच नाही. कोणतंही गुप्त दप्तर फोडलं नाही त्यांनी. दाखले सरकारी कार्यालयात नीट, क्रमाने लावलेले होते. मागायला कुणी गेलं नव्हतं. त्या जागेवर उत्खनन सुरू झालं २०२५ च्या जुलैत.

आता तुमची पहिली शंका, पाद्र्याच्या कागदाला वजन का. ही तर अक्षरशः घडलेली गोष्ट आहे, तीसुद्धा कादंबरीनंतर! अशा संस्थांच्या चौकशीसाठी २०१५ मध्ये आयोग नेमला, अंतिम अहवाल आला जानेवारी २०२१ मध्ये. अठरा संस्था, मेलेली मुलं सुमारे नऊ हजार. साडेपाचशेच्या आसपास लोकांनी आपली हकीकत आयोगाच्या एका गोपनीय समितीपुढे तोंडी सांगितली होती. अहवाल आल्यावर कित्येक जणी म्हणाल्या, हे आम्ही सांगितलेलं नाही. मग कळलं की ध्वनिमुद्रणं पुसून टाकलीत. गदारोळ झाल्यावर ती बॅकअपमधून परत मिळवली. पुढे आयोगाच्याच एका सदस्येने एका परिसंवादात सांगितलं की त्या हकीकती शपथेवर दिलेल्या नव्हत्या, त्यामुळे निष्कर्ष काढताना त्यांना फारसं महत्त्व देता आलं नाही. संस्थांच्या रजिस्टरांना मात्र महत्त्व मिळालं. ती रजिस्टरं कुणी लिहिली होती? काका, हे वाचताना मला फादर गॉन्टच आठवत होते. पुरावा जळण्याची गरजच नाही. कुठल्या कागदाला पुरावा म्हणायचं आणि कुठल्याला नुसती 'हकीकत', एवढं ठरवलं की काम होतं.

दुसरी शंका, शेवट. तुम्ही एकटे नाही. कोस्टा पारितोषिक देताना परीक्षकांच्या अध्यक्षांनीच जाहीर सांगितलं होतं की शेवट जवळपास कुणालाच आवडला नाही. योगायोग भडक आहे, कबूल. पण एक गोष्ट बघा. ग्रीन यांना ते कागद दिसतात कसे? दत्तक गेलेला मुलगा म्हणून ते विचारत नाहीत. रुग्णालयाचे डॉक्टर म्हणून, रुग्णाच्या फाइलसाठी विचारतात, म्हणून दारं उघडतात. दत्तक गेलेल्या साध्या माणसाला आपल्या जन्माची पूर्ण माहिती मिळवायचा कायदेशीर हक्क या देशाने दिला २०२२ मध्ये. त्याआधी आईचं नाव विचारायला गेलेल्यांना खिडकीवरून परत पाठवलं जायचं. तेव्हा मुलगा नेमका डॉक्टर निघावा हा योगायोग मला खटकतो, पण डॉक्टर असल्याशिवाय त्याला आई सापडलीच नसती, हे बॅरींनी अचूक धरलंय. मी शेवटाकडे तसं बघते.

आमच्याकडच्या आज्यांबद्दल इथे लिहिता येणार नाही आणि लिहूही नये. एवढंच सांगते की नवीन कुणी दाखल झालं की आम्ही फॉर्म भरतो, त्यात 'जवळचे नातेवाईक' असा रकाना असतो. काही जणी त्या रकान्याशी आल्या की चहा मागतात. मी आता चहा आधीच आणून ठेवते.

क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१) वाचा. शंभरेक पानं फक्त. न्यू रॉस गाव, १९८५ चा नाताळ, कोळसेवाला बिल फर्लाँग नन राहतात त्या कॉन्व्हेंटमध्ये माल टाकायला जातो आणि कोळशाच्या कोठीत त्याला एक मुलगी कोंडलेली सापडते. कागद कुठेच नाहीत. पण पुस्तकाच्या शेवटी लेखिकेची छोटी नोंद आहे. मॅग्डलेन धुलाईघरांत (ननच्या संस्था, तिथे 'वाट चुकलेल्या' म्हणून ठेवलेल्या बायकांना कपडे धुवायला लावत) किती बायका होत्या हे माहीत नाही, बहुतेक नोंदी नष्ट झाल्या, हरवल्या किंवा बघू दिल्या जात नाहीत, अशा अर्थाची. शेवटचं धुलाईघर १९९६ साली बंद झालं. मी तेव्हा शाळेत होते.

---

तिरकस

ताई, ट्युअमचं मान्य. पण 'आगीत कुणाचा दोष नसतो' हे वाक्य डब्लिनमध्ये उभं राहून म्हणू नका. शंभर वर्षं झाली, कुणी कुणाची स्फोटकं उडवली यावर अजून भांडतात.

आणि माझ्या पेट्यांमध्येही तुमचाच मुद्दा निघतो. मार्गारेट स्किनिडर १९१६ च्या उठावात बंदूक घेऊन लढली, गोळ्या लागल्या. १९२५ मध्ये निवृत्तिवेतनाचा अर्ज केला तर सरकारचं उत्तर: कायद्यातला सैनिक म्हणजे पुरुष. १९३४ चा नवा कायदा आल्यावर, १९३८ मध्ये मिळालं एकदाचं. अर्ज आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. काका, तुम्ही वाचाच. शेरे बघून तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल.

---

वेल्हाळ

वाचनखूण साठवली आहे. तिसऱ्या शंकेला अजून कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते.

काका, मृत बाईच्या वतीने लिहिणं म्हणजे काय, याचं मला सापडलेलं सगळ्यात प्रामाणिक पुस्तक डोरिन नी ग्रीफा यांचं 'अ घोस्ट इन द थ्रोट' (२०२०). कादंबरी, आत्मकथन, शोधनिबंध यांच्या अधलंमधलं काहीतरी आहे. मुळाशी अठराव्या शतकातला एक विलाप आहे. आर्ट ओ लिअरी या तरुण कॅथलिकाला १७७३ च्या मे महिन्यात कॉर्क परगण्यात गोळी घातली गेली. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे कॅथलिकाकडे पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा असता कामा नये. समोरच्या प्रोटेस्टंटाने पाच पौंड पुढे केले की घोडा द्यायचा. याने दिला नाही. त्याची बायको एलीन हिने केलेला हा विलाप आयरिश भाषेतल्या थोर कवितांपैकी एक मानला जातो.

पण तिने तो लिहिलेलाच नाही. तो म्हटला गेला, दुसऱ्या बायकांच्या तोंडी राहिला. शोक गाणाऱ्या एका बाईकडून तो उतरवून घेतला गेला, छापून आला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मग लेखिका कोण? एलीन? गाणारी? उतरवून घेणारा? आणि दप्तरात एलीन कशी सापडते बघा: अमक्याची बायको, आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या डॅनियल ओ'कॉनेल यांची आत्या. तिच्या भावांची पत्रं आहेत. तिचं एकही नाही.

नी ग्रीफांची निवेदिका चार लेकरं सांभाळत, तान्ह्याला पाजत, पार्किंगमध्ये गाडीत बसून तिचा माग काढते. एका ठिकाणी ती भावांच्या पत्रांतला मजकूर खोडत जाते. पुरुषांबद्दलचं सगळं खोडायचं आणि बायकांबद्दल काय उरतं ते बघायचं. थोडंसंच उरतं. दप्तरावर उलटी खाडाखोड करणारी बाई मी दुसऱ्या पुस्तकात पाहिलेली नाही. आणि इतकं करून एलीनला कुठे पुरलं ते तिला सापडत नाही. ती तसं सांगते आणि तिथेच थांबते. 'मी एलीन बोलतेय' असं एकदाही म्हणत नाही.

बॅरींनी ती रेघ ओलांडली. रोझॅनचं गद्य इतकं सुंदर आहे की मला ते रोझॅनचं वाटतच नाही, बॅरींचं वाटतं. म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या प्रश्नावर माझं मत तुमच्याच बाजूने. ताई रागावतील.

तुम्हाला कागद हवे असतात, तर मुद्दाम उलटं सुचवते. ॲन एनराइट यांची 'द गॅदरिंग' (बुकर, २००७). भाऊ बुडून मेलाय, बहिणीला लहानपणी आजीच्या घरी पाहिलेलं काहीतरी लिहून काढायचंय, पण ते घडलं होतं की नाही याचीच तिला खात्री नाही. आजीच्या तरुणपणाचे प्रसंग ती सरळ कल्पनेने रचते, आणि रचतेय हे लपवत नाही.

---

पश्चिमवारा

रागावले नाही, पण पटलंही नाही. रोझॅनसारखी बाई सुंदर लिहू शकणार नाही हे आपण आधीच का धरून चालतो? तिला वेडी ठरवणाऱ्यांनीही तेच धरलं होतं.

---

वेल्हाळ

हं. हा मुद्दा रात्रभर पुरेल मला.

---

निव्वळवाचक

लहानसं अवांतर. लेखकाचे स्वतःचे कागद कुणाकडे जातात हाही याच धाग्याचा विषय. आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइस यांची मुलगी ल्युसिया आयुष्यातली कित्येक वर्षं मनोरुग्णालयांत होती, १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या अशाच एका रुग्णालयात वारली. १९८८ मध्ये व्हेनिसच्या जॉइस परिषदेत जॉइस यांचा नातू स्टीफन याने भर सभेत सांगितलं की आत्याची मला आलेली पत्रं मी नष्ट केलीत. अभ्यासक हादरले. जॉइस यांच्या लेखनाचे हक्क त्याच्याकडे होते, आणि उद्धृतं वापरायची परवानगी तो सहसा देत नसे. २०११ संपताना युरोपातले हक्क संपले तेव्हा लोकांनी निःश्वास टाकला. त्याची बाजू अशी की घरच्या आजारी बाईची पत्रं जगाने का वाचावीत? मला ती बाजू पूर्ण खोटी वाटत नाही. पण ल्युसियाला कुणी विचारलं होतं असंही दिसत नाही.

---

दप्तरदार

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

तिरकस, निवृत्तिवेतनाचे अर्ज उघडले. दुपारचं जेवण राहिलं. एकेका माणसाला 'त्या दिवशी तुम्ही नक्की कुठे होतात, कोणाच्या हुकमाखाली होतात, साक्षीदार आणा' म्हणून जे पिळलंय ते बघून अंगावर काटा आला. माझ्या काळातलं 'पुराव्याअभावी अर्ज निकाली' अगदी याच थंडपणाने लिहिलं जायचं.

पश्चिमवारा ताई, कीगनबाईंचं पुस्तक लेकीने मागवून दिलं, दोन बैठकांत संपवलं. तुम्ही म्हणालात कागद कुठेच नाहीत. एक आहे! फर्लाँग आपला जन्मदाखला काढायला जातो. बापाच्या नावाच्या जागी 'अज्ञात' लिहिलेलं, आणि खिडकीतला कारकून दाखला देताना ओठ वाकडे करून हसतो. दोनच ओळी. तशी हसणारी माणसं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. विधवा बाई वारसनोंदीला आली, की नवऱ्याचं दुसरं लग्न झालं होतं का, हा प्रश्न ती जरा मोठ्यानेच विचारत. त्यांनी कधी नोंद खोटी केली नाही. नोंद अगदी नियमाप्रमाणे करायचे.

तुमचं शेवटाबद्दलचं म्हणणं मला अर्धं पटलं. अर्जदार म्हणून गेला तर फाइल मिळत नाही आणि साहेब म्हणून गेला तर चहाबरोबर मिळते, हे मला कुणी समजवायला नको. पण मग बॅरींनी तेवढ्यावर थांबायचं होतं. डॉक्टरने दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचा कागद शोधून त्याला द्यायचा होता. आपल्याच आईचा सापडला की ते कर्तव्य राहत नाही, घरगुती होतं.

वेल्हाळ, 'द गॅदरिंग' सुरू केलीय. पहिल्याच पानावर बाई सांगतेय की घडलं की नाही ते नक्की माहीत नाही, तरी लिहायचंय. माझी सवय अशी की आधी दिनांक बघायचा, मग सही, मग मजकूर. इथे तिन्हींचा पत्ता नाही, तरी तिसाव्या पानापर्यंत आलोय. पुढे काय ते कळवतो. आणि कोणीतरी मला सांगा, आयरिश नावांचे उच्चार कुठे ऐकायला मिळतील? लेक माझ्या उच्चारांना हसते.